सरकीच्या वासाची डिस्क

१

डब्याचं झाकण निघालं आणि कुंदाबाईंचा हात तिथेच थांबला.

डबा घरातलाच, चकल्या ठेवायचा, स्टीलचा. आत ओल शोषणाऱ्या पुड्या, कोळशाची पुरचुंडी आणि मधोमध झुंबरबाईंच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क. मंगळवारी दुपारी कुंदाबाईंनी ती स्वतःच्या हाताने तिथे ठेवली होती. आज गुरुवार, सकाळचे अकरा. टेबलाभोवती झुंबरबाई आणि शब्दकोशाचे तिघं संपादक होते आणि सगळ्यांचे डोळे डब्यावर होते.

डब्यातून खवट वास आला. बंद खोलीत वर्षानुवर्षं साचून आंबलेल्या सरकीच्या तेलाचा.

"ही डिस्क ती नाही," कुंदाबाई म्हणाल्या.

"म्हणजे काय?" प्राध्यापक हितेंद्र देवरेंनी चष्मा वर केला.

"मंगळवारी ठेवलेल्या डिस्कला बिडीचा आणि चिचुंद्रीचा वास होता. तोही पुसून निम्मा गेलेला. हिला सरकीचा आहे. कोणीतरी बदललीय."

हितेंद्र हसले. "ताई, कंपनी तीच, साल तेच, कडेचा फाटका कागदसुद्धा तसाच. आणि तुम्ही वासावर खटला चालवताय. लावून तर बघा."

कुंदाबाईंनी डिस्क लावली. तीस वर्षांचा कॉम्प्युटर घरघरला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि थांबली. डिस्क कोरी होती. एक शब्दही नव्हता.

कुंदाबाईंनी वही उघडून डिस्कवरचा नंबर दाखवला. वहीतला वेगळा, समोरचा वेगळा.

"वही तुमची, अक्षर तुमचं," हितेंद्र म्हणाले. "असे दहा नंबर मीही लिहीन. आजी, तुम्ही म्हणता आमचा शब्दकोश तुमच्या कॉम्प्युटरमधून चोरला. आम्ही पुरावा बघायला दोनदा धुळ्याहून आलो. हा पुरावा? शनिवारी प्रकाशन आहे. आता हा विषय संपला."

झुंबरबाई स्टुलावर बसल्या होत्या. बहात्तरीची बाई. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग कुंदाबाईंकडे.

"मन्हा शब्द कोठे ग्यात, बाई?"

कुंदाबाईंनी वीस वर्षं सर्व्हिस सेंटरला आणि बारा वर्षं या दुकानात काढली होती. लोकांनी विश्वासाने ठेवलेली वस्तू त्यांच्या छपराखालून कधी गेली नव्हती.

"मंगळवारी ही डिस्क तुम्ही तिघांनी पाहिली," त्या म्हणाल्या. "काल तुम्ही तिघंही वेगवेगळे इथे येऊन गेलात, आणि प्रत्येक जण इथे काही मिनिटं एकटा होता. चौथं कोणी आलं नाही. चोर या खोलीत आहे. शनिवारच्या आत मी त्याला बाहेर काढते."

२

कॉम्प्युटर जळगावला कुंदाबाईंच्या दुकानात आला होता आदल्या शुक्रवारी, गोणपाटात गुंडाळून, भडगावहून.

झुंबरबाईंचे यजमान लोटनभाऊ भडगावला टायपिंगचे क्लास चालवायचे. पुढे त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला. सातवी शिकलेल्या झुंबरबाई त्यावर टायपिंग शिकल्या आणि अठ्ठ्याण्णव सालापासून खानदेशी शब्द त्यात भरत गेल्या. शेतात निंदायला, लग्नात पापड लाटायला, बाळंतिणीच्या खोलीत, जिथे बाया जमतील तिथे कागद घेऊन बसायच्या. शब्द, त्याचा अर्थ, तो कोणत्या गावच्या कोणत्या बाईने सांगितला, सगळं. पंधरा वर्षांत अकरा हजार शब्द झाले. मग लोटनभाऊ गेले, कॉम्प्युटर बंद पडला आणि ढोरांच्या चाऱ्याच्या खोलीत गेला.

महिन्याभरापूर्वी वर्तमानपत्रात धुळ्याच्या नव्या शब्दकोशाचं नमुना पान छापून आलं. झुंबरबाईंनी ते वाचलं. शब्द त्यांचे होते. अर्थ त्यांच्याच वाक्यात होते. सांगणाऱ्या बायांची नावं तेवढी गाळलेली होती. वर तीन नावं: संपादक प्राध्यापक हितेंद्र देवरे, सहसंपादक मयुरी, आणि संपादक-प्रकाशक हेमराज.

कुंदाबाईंचं काम जुने कॉम्प्युटर स्वच्छ करण्याचं. हौशी लोक, शाळांची संग्रहालयं, सिनेमावाले त्यांच्याकडे यंत्रं पाठवत. यंत्र उघडण्याआधी त्या ते हुंगत. जळका वास म्हणजे एक दुखणं, मासळीसारखा म्हणजे दुसरं. यंत्र कोणाच्या घरात, कोणत्या खोलीत राहिलं हे त्या झाकण काढायच्या आत सांगत. झुंबरबाईंच्या यंत्राला लोटनभाऊंच्या बिडीचा चिकट पिवळा थर होता आणि पोटात चिचुंद्रीचं घरटं. चिंध्या, वाळलं गवत, कागदाचे तुकडे. तो वास जिन्यापर्यंत यायचा.

चार दिवस त्या यंत्राशी लढल्या. घरटं काढून बादलीत झाकून ठेवलं. वरचं कवच साबणाच्या पाण्याने धुतलं, मग व्हिनेगरच्या पाण्याने, आणि गच्चीवर सकाळच्या उन्हात ठेवलं. दुपारच्या उन्हात प्लास्टिक वाकडं होतं. कीबोर्डची बटणं एकेक काढून कोमट पाण्यात टाकली, तेव्हा पाणी चहासारखं झालं. आतलं सर्किट मऊ ब्रशने आणि स्पिरिटने पुसलं. रोज रात्री सगळं खायचा सोडा आणि कोळशासोबत पेटीत बंद करून ठेवलं. डिस्क मात्र त्यांनी नुसती वरून पुसली. बारा वर्षं ओल खाल्लेल्या डिस्कला लगेच वीज दिली तर ती मरू शकते. तिला दोन दिवस कोरडं राहू द्यायचं ठरलं.

मंगळवारी तिघं संपादक बघायला आले तेव्हा बादली अजून खोलीतच होती. हितेंद्रांनी अत्तराचा रुमाल नाकाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. मयुरीला, म्हणजे त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलीला, उमासे आले आणि ती जिन्यात जाऊन बसली. हेमराज तेवढे बादलीशेजारच्या स्टुलावर बसले, चहा घेतला, बिस्कीट खाल्लं, झुंबरबाईंच्या पाया पडले. म्हाताऱ्या बाईच्या वस्तूसमोर नाक मुरडायचं नाही एवढी रीत या माणसाला आहे, असं कुंदाबाईंना तेव्हा वाटलं होतं.

मधेच खालच्या कांडप गिरणीत दोंडाईच्याच्या मिरचीचं पोतं ओतलं गेलं. एप्रिल महिना, घराघरांत वर्षाच्या तिखटाची घाई. खिडकीतून खकाणा आला तसे सगळे खोकायला लागले. सगळ्यात जास्त हेमराज. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्याच दिवशी कुंदाबाईंनी तिघांना डिस्क दाखवून त्यांच्यादेखत डब्यात ठेवली होती, आणि हितेंद्रांनी तिचा फोटोही काढला होता. "मी यंत्र वासाने ओळखते," असं त्या तेव्हा बोलून गेल्या होत्या. तिघांनीही ते ऐकलं होतं.

बुधवारी दहाला हितेंद्र आले, बदनामी थांबवण्याची सूचना देणारं पत्र घेऊन. बाराला मयुरी आली. काही बोलायचं होतं म्हणाली आणि न बोलताच गेली. चारला हेमराज आले, प्रकाशनाची पत्रिका आणि केळीच्या वेफर्सचं पाकीट घेऊन. प्रत्येक वेळी कुंदाबाईंना गच्चीवर जावं लागलं होतं. दहाला कवच उन्हातून काढायला, बाराला बटणं उलटवायला, चारला सगळं आत आणायला. डबा कपाटावर समोरच होता. कुलूप लावलं नाही, हा राग त्यांना स्वतःवर होता, आणि तो बाकीच्या रागात मिसळून आणखी कडू झाला होता.

३

गुरुवारी दुपारी कुंदाबाई धुळ्याला मयुरीच्या होस्टेलवर गेल्या. मुलगी खाली आली तीच रडवेली.

"काल काय बोलायचं होतं?" कुंदाबाईंनी विचारलं.

"काही नाही, मॅडम."

"एक बहात्तर वर्षांची बाई सकाळी माझ्या दुकानात सगळ्यांदेखत खोटी ठरली. तू शेजारी उभी होतीस. खाली बघत होतीस."

मयुरीने पर्स घट्ट धरली. "माझा प्रबंध सरांकडे आहे. चार वर्षं झालीत. सर म्हणतात, शब्द त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन जमवले. मी एकही विद्यार्थी पाहिला नाही."

"मग तुझ्याकडे शब्द आले कुठून?"

"गठ्ठा आला. छापलेला. मी फक्त अकारविल्हे लावले." ती थांबली. "यापुढे मी बोलले तर माझं संपेल."

"आणि नाही बोललीस तर दुसऱ्याचं संपतं," कुंदाबाई म्हणाल्या आणि मागे न बघता निघाल्या.

हितेंद्रांना त्यांनी फोन केला. ते आधीच तापलेले होते.

"मला डिस्क चोरायची गरज काय? माझ्या नावावर बारा पुस्तकं आहेत. आणि ऐका, काल तुमच्या दुकानात मी एकटा थांबलो ते तीन मिनिटं, तीही नाक धरून. ते व्हिनेगर, ती बादली, छे. कपड्यांचा वास अजून गेला नाही."

"गठ्ठा कोणी दिला तुम्हाला?"

"विद्यार्थ्यांनी," हितेंद्र म्हणाले आणि फोन ठेवला.

हेमराज मात्र फोनवर गोड बोलले. "ताई, मी छापणारा माणूस. शब्द कुठून आले ते सरांना ठाऊक. मला तर झुंबर अक्कांचं फार वाईट वाटतं. काल मी तुम्हाला विचारलं ना, अक्कांनी कोणत्या सालापर्यंत टाईप केलं म्हणून? मनात होतं, नंतर त्यांचं एखादं छोटं पुस्तक काढू."

कुंदाबाईंना तो माणूस बरा वाटला. हितेंद्रांचा मात्र संताप आला होता, आणि त्या संतापातच त्यांनी ठरवून टाकलं होतं की चोर तोच. पण रागाने ठरवलेलं आणि पुराव्याने ठरलेलं यातलं अंतर त्यांना माहीत होतं. त्या दुकानात परतल्या आणि डिस्क पुन्हा नाकाशी धरली.

सरकी. म्हणजे तेल गिरणीचं ऑफिस. बंद पडलेल्या गिरणीचे कॉम्प्युटर भंगारात जातात. जुन्या डिस्का फोडून न टाकता जपून ठेवणारे भंगारवाले दोन जिल्ह्यांत तीनच होते आणि तिघांचेही नंबर त्यांच्याकडे होते.

तिसरा फोन लागला धुळ्याच्या मोतीलालला.

"हा ताई, होती ना. नरडाण्याकडच्या एका गिरणीचा माल. मंगळवारी दिवस मावळता मावळता एक जण घेऊन गेला. मोबाइलमधला फोटो दाखवला, म्हणे अशीच पाहिजे, कागदसुद्धा असाच फाटका. मीच नखाने फाडून दिला."

"कोण होता?"

"तोंडाला रुमाल बांधेल होता, उन्हाचा. नाव नाही सांगितलं." मोतीलाल थांबला. "पण एक गंमत झाली, ताई. मी म्हटलं, साहेब, फार वास मारतेय, स्पिरिटने पुसून देतो. तर तो म्हणे, कसला वास? द्या तशीच."

४

कुंदाबाईंनी फोन ठेवला आणि डिस्क पुन्हा समोर ओढली.

चोराने किती काळजी घेतली होती. कंपनी जुळवली, साल जुळवलं, कागदाचा फाटका कोपरासुद्धा जुळवला. डोळ्यांना फसवायला काही कमी ठेवलं नाही. आणि नाकासाठी काहीच केलं नाही. वासावरून ओळखते असं जी बाई तोंडावर सांगते, तिच्या डब्यात इतकी घाण मारणारी डिस्क कोणी ठेवेल? भंगारवाला पुसून देतो म्हणत असताना नको म्हणेल?

एकच माणूस तसं करेल. ज्याला तो वास आलाच नाही.

पण मग उत्तरच उरत नव्हतं. हितेंद्रांचं नाक नको तेवढं तिखट. मयुरीला तर ओकारीच येत होती. हेमराज बादलीशेजारी शांत बसले होते खरे, पण मिरचीच्या खकाण्याने त्यांचेच डोळे सगळ्यात जास्त वाहिले होते. नाक मेलेला माणूस तसा खोकेल का? तिघांनाही नाक होतं. कुंदाबाईंनी टेबलावर मूठ आपटली.

शुक्रवारी सकाळी झुंबरबाई आल्या. त्या जळगावला भाचीकडे उतरल्या होत्या आणि भडगावला परत जायला तयार नव्हत्या. कुंदाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं, अगदी आपण कुठे अडलो तेसुद्धा.

झुंबरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खकाना म्हंजे वास नई, बाई."

"काय?"

"वास वास शे, खकाना खकाना शे. मी दोन्ही शब्द येगयेगळा लिखेल शेतस." त्यांनी नाकावर बोट ठेवलं. "मन्हा भाऊले कोरोना व्हयना व्हता. त्याले वास येवाना बंद व्हयना, तो आजूनबी येत नई. इटेल वरण खाई ग्या, त्याले समजनं नई. पन चुल्हावर मिरची पडनी का खोकी खोकी बेजार. डाक्टर बोलना, झोंबनं येगळं, वास येगळा."

कुंदाबाई उभ्याच राहिल्या.

तिखट नाकाला झोंबतं. ते चटक्यासारखं आहे, वासाची नस मेली तरी ते लागतं. म्हणजे त्या खोकण्यातून हेमराजांना वास येतो हे सिद्ध होतच नव्हतं. खकाणा काढून टाकला की उरत काय होतं? चिचुंद्रीच्या घरट्याशेजारी बसून बिस्कीट खाणारा माणूस. जी रीत वाटली होती ती रीत नव्हतीच. त्यांनी त्या माणसाला मनातल्या मनात मान दिला होता. त्या आठवणीने कुंदाबाईंचा चेहरा तापला.

"अक्का," त्या म्हणाल्या, "तुमचे शब्द कागदावर छापून कधी कोणाला दिले होते?"

"एकदाव. दोन हजार नऊले. धुळानी कोनती तरी संस्था शे म्हने, तठला एक पोऱ्या उना व्हता. गोड बोले. पाया पडना. पंधरा दिनमा परत करसू बोलना." झुंबरबाईंचा आवाज कोरडा झाला. "तोंड आते ध्यानमा नई."

"त्यानंतर तुम्ही आणखी किती शब्द भरले?"

"चार वरीस भरात. चार हजार तरी व्हतीन."

तेवढ्यात दारात मयुरी येऊन उभी राहिली. तिच्या हातात एक कागद होता. कडांना भोकं असलेला, जुन्या प्रिंटरचा लांब कागद, पिवळा पडलेला.

"हे त्या गठ्ठ्यातलं पान," ती म्हणाली. "बुधवारी हेच द्यायला आले होते. धीर झाला नाही. प्रबंध गेला तर जाऊ दे."

पानावर प्रत्येक शब्दापुढे बायांची नावं होती आणि त्यांवर पेनाने काट मारलेली होती. झुंबरबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि एकेक नाव वाचायला लागल्या. तिसऱ्या नावाला त्या थांबल्या. ते त्यांच्या सासूचं होतं.

"गठ्ठा कोणाच्या ऑफिसातून आला?" कुंदाबाईंनी विचारलं.

मयुरीने नाव सांगितलं.

५

शनिवारी सकाळी दहाला धुळ्याच्या सभागृहात खुर्च्या मांडणं चालू होतं. मंचावर शब्दकोशाच्या पाचशे प्रतींचे गठ्ठे होते. हेमराजांचा छापखाना सभागृहाच्या मागच्याच गल्लीत होता. कुंदाबाई आत आल्या. बरोबर झुंबरबाई, मयुरी आणि मोतीलाल. हेमराज पुढे आले आणि झुंबरबाईंच्या पायांकडे वाकले. झुंबरबाईंनी पाय मागे घेतले.

"आम्ही वाद घालायला नाही आलो," कुंदाबाई म्हणाल्या. "अक्कांनी प्रकाशनासाठी मोगरा आणलाय. एवढा घ्या." त्यांनी सुती कापडाची एक पुरचुंडी पुढे केली.

हेमराजांनी ती दोन्ही हातांनी घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "वा. ताजा आहे."

तीन पावलांवर उभ्या असलेल्या हितेंद्रांनी रुमाल काढला आणि ते मागे सरकले. "हेमराज, फेका ते. काय आहे ते?"

कुंदाबाईंनी पुरचुंडीची गाठ सोडली. आत चिंध्या, वाळलं गवत आणि कागदाचे तुकडे होते. चिचुंद्रीचं घरटं.

हेमराजांचा चेहरा उतरला, पण आवाज तसाच मऊ राहिला. "ताई, मला कोरोनात वास यायचा बंद झाला तो परत आलाच नाही. धंद्यात सांगून काय करायचं? वास न येणं हा काही गुन्हा नाही."

"नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "माझ्या दुकानातून बाईची पंधरा वर्षं उचलून नेणं हा गुन्हा आहे. सरांनी काढलेला फोटो तुमच्याकडे आला. मंगळवारी धुळ्याला परत येताच तुम्ही तशीच डिस्क शोधली. सरांना तो वास आला असता, मयुरीला आला असता. दोघांनीही पुसून घेतली असती. तुम्ही म्हणालात, कसला वास."

"हाच आवाज," मोतीलाल म्हणाला. "याच माणसाने नेली."

"आणि गठ्ठा तुमच्या ऑफिसातून आला," मयुरी म्हणाली. "तुम्ही सरांना सांगितलंत की तुमच्या वडिलांनी जमवलाय. सरांनी जगाला सांगितलं की विद्यार्थ्यांनी जमवलाय. आणि बायांची नावं काढायला तुम्ही मला लावलंत. मी काढली. माझ्या हाताने."

हितेंद्र लाल झाले. "हेमराज, तुम्ही मला वडिलांची शपथ घेऊन सांगितलं होतंत."

हेमराज हाताला लागलेलं गवत झटकत राहिले.

"डिस्क कुठे आहे?" कुंदाबाईंनी विचारलं. "फोडली म्हणू नका. अक्कांनी कोणत्या सालापर्यंत टाईप केलं हे तुम्ही मला बुधवारी विचारलंत. गठ्ठा दोन हजार नऊचा. त्यापुढचे चार हजार शब्द तुमच्याकडे नाहीत. दुसऱ्या आवृत्तीसाठी ते तुम्हाला हवे आहेत. असा माणूस डिस्क फोडत नाही, जपतो."

हेमराजांनी नकळत मागच्या दाराकडे पाहिलं. ते हितेंद्रांनीही पाहिलं. बारा पुस्तकांचा धनी असलेला तो माणूस काही न बोलता हेमराजांचा दंड धरून त्यांना गल्लीत घेऊन गेला. दहा मिनिटांनी दोघं परत आले. डिस्क हितेंद्रांच्या हातात होती. टेबलाच्या खालच्या खणात, पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सापडली.

कुंदाबाईंनी ती नाकाशी धरली, मग वहीतला नंबर ताडून पाहिला. कॉम्प्युटर त्यांनी गाडीतून आणला होता. मंचावरच्या टेबलावर तो मांडला, डिस्क बसवली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. काळ्या पडद्यावर फायलींची यादी वर सरकत गेली. प्रत्येक फायलीपुढे तारीख, अठ्ठ्याण्णवपासून दोन हजार तेरापर्यंत. कुंदाबाईंनी त्यातली एक उघडली. शब्द, अर्थ, गाव आणि बाईचं नाव.

झुंबरबाईंनी पडद्याला हात लावला नाही. त्या फक्त वाचत राहिल्या. सभागृहात हळूहळू लोक यायला लागले होते आणि काय चाललंय ते न कळून मागेच थांबत होते.

६

हितेंद्रांनी घसा साफ केला. "आजी, माझी चूक झाली. मी चौकशी करायला हवी होती. पण आता पुस्तकं छापून झालीत, पाहुणे आलेत. मी भाषणात तुमचं नाव घेतो. पुढच्या आवृत्तीत प्रस्तावनेत आभार मानतो. पहिल्या पानावर चौथं नावही घालू."

झुंबरबाई वळल्या. इतके दिवस त्या हळू बोलत आल्या होत्या. आताही त्यांनी आवाज चढवला नाही.

"चवथं?"

हितेंद्र मंचावरच्या गठ्ठ्यांकडे बघायला लागले.

"तुम्ही माले इचारं, आजी, पुरावा काय? सगळास्ना देखता हासनात. आते पुरावा दिसना त आभार मानतस." त्यांनी गठ्ठ्यातली एक प्रत उचलली, पहिलं पान उघडलं. जाड कागदावर तीन नावं, सोनेरी शाईत. "हाई बठ्ठं, सगळं, मन्हं बी नई शे. बठ्ठ्या बायास्नं शे. त्यास्ना नावं तुम्ही काट्यात. आते तुमना नावं काढा."

"म्हणजे?"

"हाई पान फाडा. येक येक पुस्तकनं. मन्हा देखता."

"पाचशे प्रती आहेत, आजी. पाहुणे बसलेत."

"बसू द्या," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीजवळच्या तीन खुर्च्या ओढून गठ्ठ्यांसमोर ठेवल्या. "नाही फाडलंत तर मी याच मंचावरून सगळ्यांना सांगते, कोणाच्या नावाखाली काय छापलंय ते. मग पोलिसांकडे जाते. तिथे तर जायचंच आहे, पण ते नंतर."

सगळ्यात आधी मयुरी बसली. तिने एक प्रत मांडीवर घेतली आणि स्वतःचं नाव असलेलं पान शिवणीपासून सरळ फाडलं. मग दुसरी घेतली. हितेंद्र काही वेळ उभे राहिले. लोक बघत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते बसले. तिसऱ्या खुर्चीशेजारी मोतीलाल हाताची घडी घालून उभा राहिला. हेमराज बसले.

जाड कागद सहज फाटत नव्हता. पानं पायांशी पडत गेली. मागून कोणीतरी विचारलं, प्रकाशन किती वाजता आहे.

झुंबरबाई समोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. हितेंद्रांनी एका प्रतीचं पान अर्धवट फाडलं आणि ती बाजूला ठेवली, तशी झुंबरबाईंनी ती उचलली आणि त्यांच्याकडे परत दिली.

"कोपरा राही ग्या," त्या म्हणाल्या. "तोबी काढा."